सिलिंडरचा गीझर पाइपच्या गॅसवर: नोझल बदलावे, छिद्र वाढवू नये

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे या शहरांत आता घरोघरी पाइपचा गॅस पोहोचला आहे. जोडणी मिळाली की बहुतेक ठिकाणी गॅस कंपनीचा माणूस शेगडीचे नोझल बदलून देतो आणि स्वयंपाकघराचा प्रश्न मिटतो. अडचण उरते ती गीझरची. तो सिलिंडरवर चालणारा असतो, चांगली रक्कम मोजून घेतलेला असतो. आता हा फेकायचा का, असे घरमालक विचारतो. बाजारात उत्तर लगेच मिळते, "फेकता कशाला? छिद्र मोठे करून देतो, पाच मिनिटांचे काम." या पाच मिनिटांच्या कामाबद्दल आपल्या दुकानदार आणि कारागीर बांधवांनी नीट समजून घेणे गरजेचे आहे.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. सिलिंडरच्या एक घनमीटर वायूत जेवढी उष्णता असते, तेवढ्यासाठी पाइपचा गॅस अडीच ते तीन घनमीटर लागतो. शिवाय दाबही कमी. सिलिंडरचा रेग्युलेटर सुमारे 30 मिलीबार दाब देतो, तर पाइपचा गॅस घरात सुमारे 21 मिलीबारने येतो. म्हणून सिलिंडरचा गीझर तसाच पाइपला जोडला तर ज्योत मिणमिणती राहते आणि पाणी कोमट येते. मिथेन हलका असल्यामुळे छिद्रातून वेगाने निघतो, त्यामुळे छिद्राचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट, म्हणजे व्यास साधारण 1.4 पट केला की हिशेब जमतो. आमच्या कापडाच्या धंद्यात सुताचा काउंट बदलला की फणी बदलावी लागते, जुन्याच फणीचे दात फाकवून कोणी जाड सूत विणत नाही. येथेही मामला तोच आहे.

मग ड्रिलने छिद्र वाढवले तर बिघडले कुठे? बिघडते ते मापात. छिद्र 0.9 मिलिमीटरऐवजी चुकून 1.0 झाले, तर वरवर पाहता फरक केसाएवढा; पण गॅस जवळजवळ पाव हिश्श्याने जास्त जातो. शेगडीला दोन-तीन नोझल असतात, गीझरमध्ये मात्र एका पट्टीवर अनेक बारीक नोझल ओळीने बसवलेले असतात. हाताने वाढवलेली छिद्रे एकसारखी निघत नाहीत. कडेला धातूची कोर राहते, गॅसची धार तिरपी जाते. हीच धार आपल्या वेगाने हवा ओढून घेत असते. ती तिरपी गेली की हवा पुरेशी मिळत नाही, ज्योत पिवळी पडते, काजळी धरते. काजळीने वरच्या तांब्याच्या पात्यांमधील फटी बुजतात आणि धुराची वाट अडते.

अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या वासामुळे कळते. या विषारी वायूचे तसे नाही. डोके जड होते, चक्कर येते, आणि बंद न्हाणीघरात आंघोळ करणारा माणूस दाराच्या कडीपर्यंतही पोहोचत नाही. थंडीच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी येतात. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवणे हाच खरा उपाय. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणून निर्धास्त होऊ नये. हवा आत यायला वाट नसेल तर तो पंखा धूर उलट आत खेचतो.

योग्य मार्ग असा. गीझरच्या अंगावरील पट्टी वाचावी. कोणत्या गॅससाठी आणि किती दाबासाठी तो बनवला आहे हे तेथे लिहिलेले असते. मॉडेलचा नंबर घेऊन उत्पादकाच्या सेवा केंद्रात विचारावे. या मॉडेलसाठी पाइपच्या गॅसचा संच असेल तर त्यांच्याच माणसाकडून संपूर्ण नोझल-पट्टी बदलून घ्यावी. काही मॉडेलमध्ये गॅसचा व्हॉल्व्हही बदलावा लागतो. काम झाल्यावर दाब मीटरने मोजावा, सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत (काडी ओढून कधीही नाही), आणि ज्योत निळी व स्थिर आहे हे घरमालकाला दाखवावे. संच मिळत नसेल तर तो गीझर बदलण्याजोगा नाही, असे स्वच्छ सांगावे. ज्याच्याकडे सिलिंडरच आहे अशा माणसाला तो विकता येतो. त्यात नुकसान थोडे आहे.

ब्रिटनमध्ये 1967 ते 1977 या दहा वर्षांत कोळशाचा गॅस बंद करून समुद्रातील नैसर्गिक गॅस घरोघरी दिला गेला. सुमारे 4 कोटी उपकरणे बदलावी लागली. त्यासाठी प्रशिक्षित माणसे घरोघर फिरली, प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे सुटे भाग तयार झाले. हे काम ड्रिलने भागणारे असते तर एवढा खर्च कोणी केला नसता.

उलट बाजू याहून धोक्याची आहे, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. मुंबईची खोली सोडून कोकणात गावी जाताना लोक पाइपच्या गॅसचा गीझर सोबत नेतात आणि तेथे सिलिंडरला जोडतात. मोठ्या छिद्रातून जड, जास्त उष्णतेचा गॅस जास्त दाबाने येतो. मिथेनला जळण्यासाठी साडेनऊ पट हवा लागते, प्रोपेनला सुमारे 24 पट. एवढी हवा मिळत नाही, ज्योत पिवळी होऊन बाहेर झेपावते. ड्रिल केलेला जुना गीझर गावी नेला तरी हेच होते, कारण मोठे केलेले छिद्र परत लहान होत नाही.

म्हणून कारागिराने गीझर बदलून दिल्यावर त्यावर टिकाऊ चिठ्ठी लावावी: कोणता गॅस, कोणत्या तारखेला बदलला, कोणी बदलला. काढलेले जुने नोझल पिशवीत घालून ग्राहकाच्या हवाली करावेत, ते त्याच्या मालकीचे आहेत. जुना गीझर विकणाऱ्या दुकानदाराने बिलावर गॅसचा प्रकार लिहावा. आणि घरमालकाने रिकामे सिलिंडर व रेग्युलेटर माळ्यावर टाकून न देता पावतीसह एजन्सीत जमा करावेत. पावतीवर लिहिलेली अनामत रक्कम परत मिळते, ती नव्या संचाच्या खर्चाला कामी येते.