हजेरीचे पैसे

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम टोकाला, ओहायो नदीच्या काठी, मिडलंड नावाचं पोलादाचं गाव आहे. १९८०च्या दशकात पोलादाचा धंदा बसला, माणसं गाव सोडून गेली आणि गावाचं हायस्कूल बंद पडलं. आसपासची गावं मिडलंडची पोरं घ्यायला तयार नव्हती. शेवटी ती राज्याची हद्द ओलांडून ओहायोतल्या ईस्ट लिव्हरपूलच्या शाळेत जाऊ लागली. या अडचणीवर तोडगा म्हणून मिडलंडचे शिक्षणाधिकारी निक ट्रॉम्बेटा यांनी २००० साली इंटरनेटवर चालणारी शाळा काढली. गावातली पन्नासेक मुलं येतील असा अंदाज होता. राज्यभरातून पाचशेच्या वर आली. दहा वर्षांत हा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. या मुलांमागे येणाऱ्या सरकारी पैशातून मिडलंडमध्ये इमारती उभ्या राहिल्या, लोकांना नोकऱ्या मिळाल्या, कलाशिक्षणाचं एक मोठं केंद्रसुद्धा झालं.

अमेरिकेतल्या ऑनलाइन चार्टर शाळांचा इतिहास नुसत्या लबाडांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, म्हणून सुरुवात मिडलंडपासून केली. गरज खरी होती. आजारी मुलं, शाळेत छळ सोसून बाहेर पडलेली मुलं, शाळकरी वयात आई झालेल्या मुली, दूरच्या वस्त्यांवर राहणारी कुटुंबं यांना घरबसल्या शाळा हवीच होती. पण ती मिळाली ती पैशाच्या एका विशिष्ट रचनेतून, आणि गेल्या पंचवीस वर्षांत जे घडलं ते बहुतेक सगळं त्या रचनेतून निघालं आहे.

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण सरकारी शाळाव्यवस्थेच्या बऱ्याचशा नियमांतून मोकळी केलेली शाळा. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ साली केला. कल्पना अशी की नियमांतून सूट द्यायची आणि बदल्यात निकाल मागायचा; निकाल दिला नाही तर सनद, म्हणजे चार्टर, काढून घ्यायची. पैसा मुलामागोमाग जातो: मूल ज्या शाळेच्या पटावर, तिकडे अनुदान. शाळा कागदोपत्री विना-नफा असते. मात्र ती चालवण्याचं कंत्राट नफा कमावणाऱ्या कंपनीला देता येतं, आणि ती कंपनी शाळा काढणाऱ्याचीच असली तरी अनेक राज्यांत फारशी आडकाठी नव्हती. वर्ग, बस, कॅन्टीन, मैदान यांवर पैसा खर्च होतो तोवर या पळवाटेला मर्यादा असते. शाळा इंटरनेटवर गेली की खर्च बराच खाली येतो आणि अनुदान जवळपास तेवढंच राहतं. मधली रक्कम कुठे जाते, हे कोणी विचारायचं?

विचारायचं काम ज्यांचं होतं त्यांना 'प्रायोजक' किंवा 'मान्यता देणारी संस्था' म्हणतात. कधी ती विद्यापीठ असते, कधी शिक्षण मंडळ, कधी एखाद्या खेड्याचा शाळा-जिल्हा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारं स्थानिक मंडळ. देखरेखीबद्दल या संस्थेला शाळेच्या अनुदानातून टक्केवारी मिळते. ओहायोत तीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे पट फुगला की देखरेख करणाऱ्याची कमाईही फुगते. कुंपणाने शेत खाल्लं असं म्हणण्यापेक्षा, कुंपणाला शेतात वाटाच ठरवून दिला होता.

ओहायोची 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो', तिकडच्या लोकांच्या तोंडी 'ईकॉट', २००० साली सुरू झाली. संस्थापक विल्यम लेगर शिक्षणक्षेत्रातले नव्हते, धंदेवाईक होते. शाळेचं व्यवस्थापन करणारी 'अल्टेअर' आणि अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर विकणारी 'आयक्यू इनोव्हेशन्स' या दोन्ही कंपन्या त्यांच्याच. कोलंबस शहराच्या दक्षिणेला एका बंद पडलेल्या मॉलमध्ये शाळेचं मुख्यालय होतं. अठरा वर्षांत राज्याने ईकॉटला शंभर कोटी डॉलरहून जास्त दिले आणि त्यातले सुमारे वीस कोटी लेगर यांच्या कंपन्यांकडे गेले. लेगर राजकारण्यांना, मुख्यतः रिपब्लिकन पक्षाला, सढळ हाताने देणग्या देत. शाळेच्या पदवीदान समारंभाला २०१० साली फ्लोरिडाचे माजी गव्हर्नर जेब बुश आले, २०११ साली ओहायोचे गव्हर्नर जॉन केसिक. राज्याचे ऑडिटर डेव्हिड योस्ट यांनी तर या शाळेला चोख हिशेबाबद्दल पुरस्कारही दिला होता.

चोख हिशेब म्हणजे काय, तर पावत्या जुळत होत्या. मूल शिकलं का, हा हिशेबाचा भागच नव्हता. कायद्याने वर्षाला ९२० तासांचं शिक्षण ठरवलं होतं आणि ईकॉटचं म्हणणं असं की आम्ही ९२० तासांची 'संधी' दिली, मुलाने ती घेतली की नाही हे आमच्या अंगाला लागत नाही. २०१६ साली राज्याच्या शिक्षण खात्याने पहिल्यांदा नेटाने लॉगिनच्या नोंदी मागितल्या. प्राथमिक तपासणीत दिसलं की बहुतेक मुलं दिवसाला तासभर लॉगिन होती; अपेक्षा पाच तासांची होती. २०१५-१६ साठी ईकॉटने १५,३०० मुलांचे पैसे घेतले होते. पुराव्यानिशी सिद्ध झाली ती सुमारे ६,३००.

ईकॉट कोर्टात गेली. दरम्यान टीव्हीवर जाहिराती लावल्या, पालकांना आमदारांविरुद्ध उभं केलं. या जाहिरातींचा पैसाही शेवटी सरकारी अनुदानाचाच. राज्याने दोन वर्षांचे मिळून जवळपास आठ कोटी डॉलर परत मागितले, तिजोरी आटली आणि २०१८ च्या जानेवारीत, वर्षाच्या मध्यावर, शाळा बंद झाली. सुमारे बारा हजार मुलांना ऐन सत्रात दुसरी शाळा शोधावी लागली. पुढच्या महिन्यात ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. मुलाने वर्षभर काही केलं नाही तरी पूर्ण पैसे, हे हास्यास्पद नाही का, अशा अर्थाचा प्रश्न सरन्यायाधीश मॉरीन ओकॉनर यांनी शाळेच्या वकिलांना केला. ऑगस्टमध्ये निकाल शाळेच्या विरोधात लागला, चार विरुद्ध दोन. चार विरुद्ध दोन! म्हणजे दोन न्यायमूर्तींना शाळेचा युक्तिवाद पटला होता, आणि खरं सांगायचं तर कायद्याची जुनी भाषा पाहिली की त्यांचं फारसं चुकलं असंही म्हणता येत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं. वर्गात मूल बसलं की ते दिसतं.

मराठी वाचकाला हे वाचताना महाराष्ट्रातली २०११ ची पटपडताळणी आठवल्याशिवाय राहणार नाही. ऑक्टोबरमधले ते तीन दिवस. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली होती. तुकड्या आणि अनुदानासाठी दाखवलेली लाखो नावं नुसती कागदावरची निघाली. दुखणं एकच, पट फुगवण्याचं. पण शाई लावायला निदान बोट समोर यावं लागतं. ओहायोत तपासायला होती ती लॉगिनची नोंद, आणि ती ठेवणारं सॉफ्टवेअर संस्थापकाच्याच कंपनीचं.

मोठा पैसा या क्षेत्रात आला तो मात्र गावच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा किंवा लेगर यांच्यासारख्यांचा नव्हे. ऑनलाइन शाळा चालवणाऱ्या, रॉन पॅकार्ड यांच्या 'के-ट्वेल्व्ह' कंपनीत सुरुवातीला भांडवल घातलं ते ओरॅकलचे लॅरी एलिसन आणि मायकेल मिल्केन यांनी. हे तेच मिल्केन, १९९० साली रोखे-व्यवहारातल्या गुन्ह्यांची कबुली देऊन तुरुंगात गेलेले जंक बाँडवाले. कंपनीचे अध्यक्ष म्हणून आले विल्यम बेनेट, रेगन यांच्या काळातले शिक्षणमंत्री. संगणकाने शिक्षण सुधारतं याबद्दल थोड्याच दिवसांपूर्वी पुस्तकातून शंका घेणारे. २००७ च्या डिसेंबरमध्ये कंपनीची न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंद झाली. २०११ साली पिअर्सनने 'कनेक्शन्स' ही तशीच कंपनी ४० कोटी डॉलरना घेतली. आता दर तिमाहीला भागधारकांना पटाचा आकडा सांगायचा होता, आणि तो वाढायला हवा होता. मुलं तर भराभर सोडून जात होती. म्हणून जाहिरातीवर खर्च, म्हणजे पुन्हा सरकारी अनुदानातून जाहिरात.

२०१६ साली कॅलिफोर्नियातल्या मर्क्युरी न्यूज या दैनिकाने दाखवलं की के-ट्वेल्व्हच्या शाळांत दिवसात एक मिनिट लॉगिन केलेलं मूलही हजर धरलं जाऊ शकत होतं. त्याच उन्हाळ्यात त्या राज्याच्या तेव्हाच्या अॅटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी कंपनीशी १६ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. आकडा भारी वाटतो. त्यातले रोख ८५ लाखच. बाकीचे १६ कोटी म्हणजे शाळांवर कंपनीचं जे कर्ज चढलं होतं ते माफ केल्याचं मोल. शाळा विना-नफा, तिच्यावर कंपनीचं कर्ज, म्हणून शाळेला कंपनी बदलता येत नाही: आरोपाचा रोख या गाठीवर होता. कंपनीने गैरकृत्य मान्य केलं नाही. २०२० च्या अखेरीस तिने नाव बदलून 'स्ट्राइड' केलं.

मुलं शिकत तरी होती का? २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॅनफर्डच्या 'क्रेडो' केंद्राचा अभ्यास आला. १७ राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन इथल्या ऑनलाइन चार्टर विद्यार्थ्यांची तुलना साध्या सरकारी शाळेतल्या त्यांच्यासारख्याच विद्यार्थ्यांशी केली होती. वाचनात ७२ दिवसांची पिछाडी, गणितात १८० दिवसांची. शाळेचं वर्षच १८० दिवसांचं. सोबतच्या मॅथमॅटिका संस्थेच्या अहवालात असंही निघालं की साध्या शाळेतल्या मुलाला एका दिवसात शिक्षकाचा जितका प्रत्यक्ष वेळ मिळतो, तितका या मुलांना आठवड्यात मिळत नाही. पुढच्या वर्षी खुद्द चार्टर शाळांच्या राष्ट्रीय संघटनेने ऑनलाइन शाळांवर कडक नियम घाला अशी मागणी केली. आपल्याच घरातल्या भावंडाबद्दल तक्रार करायला ही मंडळी उगाच उठली नव्हती.

त्यानंतरचे घोटाळे धाडसाने चढते. इंडियानात डेलव्हिल नावाच्या छोट्या शाळा-जिल्ह्याने मान्यता दिलेल्या दोन ऑनलाइन शाळा २०१९ साली बंद पडल्या. राज्याच्या लेखापरीक्षकांनी ८ कोटी ५७ लाख डॉलरचा गैरवापर काढला. पटावरच्या नावांत एक मेलेला विद्यार्थीही होता. कॅलिफोर्नियाचं 'ए-थ्री' प्रकरण त्याहून चलाख. ऑस्ट्रेलियाचे शॉन मॅकमॅनस आणि त्यांचे भागीदार जेसन श्रॉक यांनी १९ शाळांचं जाळं विणलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या खेळाच्या क्लबांना थोडे पैसे द्यायचे आणि फुटबॉल-बेसबॉलला येणाऱ्या पोरांची नावं शाळेच्या पटावर चढवायची. कित्येकांना आपण या शाळेत आहोत याची गंधवार्ताही नव्हती. मान्यता देणाऱ्यांत सॅन दिएगोजवळचा डेहेसा हा जिल्हा, ज्याच्या स्वतःच्या शाळेत दीडशेच्या आसपास मुलं. राज्याकडून ४० कोटी डॉलर आले. त्यातले पाच कोटींहून जास्त दोघांनी लाटल्याचा आरोप २०१९ च्या मे महिन्यात ठेवला गेला. २०२१ साली दोघांनी गुन्हा कबूल केला. बरीचशी रक्कम वसूलही झाली. कॅलिफोर्नियाने नव्या ऑनलाइन चार्टर शाळांना बंदी घातली, ती पुढे वाढवत नेली.

आणि मिडलंडचे ट्रॉम्बेटा? शाळेचा पैसा त्यांनी आपल्याच उभ्या केलेल्या संस्था-कंपन्यांमधून फिरवला. त्यातून विमान आलं, फ्लोरिडात घर आलं. सरकारी वकिलांच्या मते सुमारे ८० लाख डॉलर वळवले गेले. २०१६ साली त्यांनी कबुली दिली ती करचुकवेगिरीच्या कटाची, आणि २०१८ साली २० महिन्यांची कैद झाली. मुलांचा पैसा पळवल्याचा गुन्हा त्या कबुलीत नव्हताच. पैसा एकदा व्यवस्थापन कंपनीच्या खात्यात गेला की तो कायद्याच्या नजरेत सरकारी उरतो की नाही, हाही वादाचाच विषय.

माझ्या मते या प्रकरणांपेक्षा जास्त बोलण्याजोगं आहे ते कायद्यात बसणारं. करोनाच्या वर्षी पेन्सिल्व्हेनियात ऑनलाइन चार्टर शाळांचा पट ३८ हजारांवरून ६० हजारांवर गेला. तिथे मूल ज्या शाळा-जिल्ह्यातलं, तो जिल्हा स्वतःच्या दरडोई खर्चाच्या हिशेबाने ऑनलाइन शाळेला पैसे देतो. म्हणजे तोच धडा, तोच शिक्षक, तोच लॅपटॉप. पण श्रीमंत जिल्ह्यातल्या मुलाचे पैसे गरीब जिल्ह्यातल्या मुलाच्या तिपटीहून जास्त असू शकतात. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्याचे ऑडिटर जनरल टिमथी डीफोर यांनी पाच ऑनलाइन शाळांचा अहवाल मांडला. २०२० ते २०२३ या काळात त्यांचं उत्पन्न ४७ कोटी ३० लाख डॉलरवरून ८९ कोटी ८० लाखांवर गेलं होतं, शिल्लक २५ कोटी ४० लाखांवरून ६१ कोटी ९० लाखांवर. एका शाळेने १९ कोटी ६० लाख डॉलर खर्चून २१ इमारती घेतल्या किंवा दुरुस्त केल्या. इंटरनेटवरच्या शाळेने! कर्मचाऱ्यांना बोनस, गिफ्ट कार्डं, गाड्यांचे हप्ते, सगळं होतं. कायदा मोडल्याचा शेरा डीफोर यांनी मारला नाही. त्यांनी बोट ठेवलं ते निधीच्या जुनाट सूत्रावर.

२०२४ साली याच राज्याने ठरवलं की ऑनलाइन शाळेने प्रत्येक मुलाला आठवड्यातून निदान एकदा, समोरासमोर किंवा कॅमेऱ्यावर, प्रत्यक्ष पाहून त्याच्याशी बोललं पाहिजे. मिडलंडची शाळा सुरू झाल्याला तेव्हा चोवीस वर्षं होत आली होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये महिनोन्महिने रखडलेला अर्थसंकल्प मंजूर झाला आणि शाळा-जिल्ह्यांना आणखी काही वजावटी मिळाल्या. त्यातून ऑनलाइन शाळांकडे जाणारे सुमारे १७ कोटी ८० लाख डॉलर वाचतील असा अंदाज आहे. वजावटी वाढल्या, पण मोजदाद अजूनही जिल्ह्याच्या खर्चापासूनच सुरू होते. एक मूल पडद्यावर शिकवायला प्रत्यक्षात किती खर्च येतो, हा आकडा त्या सूत्रात अजून आलेला नाही.