'कॉन मॅन'मधला 'कॉन' म्हणजे काय?



मागच्या व्हिडिओत मी दोन-तीनदा 'कॉन मॅन' म्हणालो. गोड बोलून गंडा घालणारा, एवढा अर्थ आपल्याला माहीत असतो. पण हे 'कॉन' आलं कुठून? 'कॉन्फिडन्स'मधून. म्हणजे चक्क विश्वास!

गोष्ट १८४९ सालची, न्यूयॉर्कमधली. विल्यम थॉम्पसन नावाचा एक टापटीप कपड्यांतला माणूस रस्त्यात एखाद्या सुखवस्तू गृहस्थाला गाठायचा. जुनी ओळख असल्यासारख्या गप्पा मारायचा. मग हळूच विचारायचा, की तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवाल, इतका विश्वास आहे का माझ्यावर? समोरच्याला 'नाही' म्हणायला जड जायचं. घड्याळ हातात आलं, की हा पसार!

थॉमस मॅक्डोनाल्ड या गृहस्थाचं ११० डॉलरचं सोन्याचं घड्याळ त्याने असंच नेलं. काही आठवड्यांनी मॅक्डोनाल्डला तो रस्त्यात दिसला आणि पकडला गेला. वर्तमानपत्रांत त्याचं नाव पडलं 'कॉन्फिडन्स मॅन'. पुढे लोकांनी त्याचं 'कॉन मॅन' केलं. १८५७ मध्ये हर्मन मेलव्हिल यांची याच नावाची कादंबरीही आली.

आता विचार करा. थॉम्पसनने ना चाकू दाखवला, ना खिसा कापला. मालकाने स्वतःच्या हाताने घड्याळ काढून दिलं. फक्त भिडेपोटी!

आपल्या धंद्यात हेच होतं. "साहेब, मशीन बुक करा, आजच ॲडव्हान्स टाका. एवढाही विश्वास नाही का?" हे वाक्य ऐकलं, की थांबायचं. कारण ते पैसे म्हणजे तुमची अनेक वर्षांची बचत असते, कधी आईने मोडलेले दागिने असतात.

मग करायचं काय?

१. पुरवठादाराचा जीएसटी नंबर मागा आणि जीएसटी पोर्टलवर स्वतः तपासा.
२. मोठी रक्कम देण्याआधी माल आणि जागा डोळ्यांनी बघा.
३. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगितला, तर फोन ठेवा.
४. ऑनलाइन फसवणूक झालीच, तर लाजू नका. लगेच १९३० वर फोन करा.

खरा व्यापारी तपासणीला रागावत नाही. विश्वासावरच धंदा चालतो, पण आधी खात्री, मग विश्वास!

तुम्हाला असं कोणी भिडेला पाडलं होतं का? कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!