वसईचा फिरंगी सुभा: चौकट जुनी, मालक नवे

वसईचा किल्ला पाहणाऱ्याला वाटते की इथला कारभार पोर्तुगीजांनी कोऱ्या पाटीवर आखला. कागद वेगळे सांगतात. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई, साष्टी आणि मुंबई त्यांच्या हाती आली. पुढे सिमाँव बोतेल्यू या महसूल अधिकाऱ्याने केलेल्या नोंदवहीत वसूल सुलतानी अमलातल्या परगण्या-कसब्यांनुसारच मांडलेला दिसतो. या मुलखाला दिलेले उत्तर प्रांत हे नाव आणि वसई हे त्याचे मुख्य ठाणे नवे. हिशेबाची चौकट मात्र जुनीच.

मग पोर्तुगीजांनी बदलले काय, असे कोणी विचारील. बदलली ती मालकी. गावेच्या गावे पोर्तुगीज घराण्यांना ठरावीक खंडावर, बहुधा दोन-तीन पिढ्यांसाठी दिली जात. त्या बदल्यात घोडा आणि हत्यारे बाळगून प्रांताच्या रक्षणाला उभे राहायचे. खजिन्याचा खर्च वाचवणारी, कागदावर तरी झकास व्यवस्था! पण असे फुटकळ जमीनदार म्हणजे खडे सैन्य नव्हे. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईही पडली. गोव्याहून पुरेशी कुमक आली नाही, हेही खरे. पण प्रांताचे रक्षण खंडकऱ्यांवर सोपवण्यातली जोखीम त्याआधीपासूनचीच होती.