त्राण जातं कुठे?

एमआरआयच्या बोगद्यात उताणं पडायचं आणि पोटरी भरून येईल असा पायाचा व्यायाम करायचा. पाय थांबला की यंत्र पोटरीतल्या फॉस्फरसवर लक्ष ठेवून राहतं. स्नायूत फॉस्फोक्रिएटिन नावाचं रसायन असतं. ही हाताशी ठेवलेली, ताबडतोब वापरता येणारी ऊर्जा. व्यायामात ती खर्ची पडते, विसावा मिळताच पुन्हा भरू लागते. ती किती वेळात भरली, यावरून पेशींतले मायटोकॉन्ड्रिया किती जोमाने काम करताहेत ते कळतं. सुई नाही, चीर नाही. माणसाच्या अंगात त्राण परत येताना असं मोजता येतं, हे मला फार अद्भुत वाटतं.

अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत डॉ. पॉल ह्वांग हीच मोजणी करत होते. त्यांचा विषय होता पी५३, म्हणजे पेशीला कॅन्सरपासून राखणारं जनुक. काही घराण्यांत त्याचा दोष जन्मतःच येतो. त्याला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात. २०१३ साली ह्वांग यांच्या गटाने दाखवलं, की अशा माणसांच्या स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन इतरांपेक्षा लवकर भरून येतं. एकीकडे कॅन्सरची टांगती तलवार आणि दुसरीकडे ऊर्जा तयार करण्याचा जादा वेग!

मग एका रुग्ण स्त्रीने त्यांच्याशी संपर्क साधला. पी५३चा दोष तिच्यातही होता, पण अंगातलं बळ मात्र वर्षानुवर्षं गेलेलं. आपल्या थकव्याचा आणि या जनुकाचा काही संबंध असेल का, हे तिला जाणून घ्यायचं होतं. तिची पोटरी तपासली, तर निकाल उलटा निघाला. भरपाई लवकर होणं दूरच, ती रेंगाळत होती.

इथे कुणीही म्हटलं असतं, की एकच रुग्ण आहे, अपवाद असेल, सोडून द्या. ह्वांग यांनी सोडलं नाही. तिच्या त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून शोध घेतला, तेव्हा डब्ल्यूएएसएफ३ नावाचं प्रथिन प्रमाणाबाहेर वाढलेलं सापडलं. म्हणजे गुंता पी५३चा नव्हता, दुसऱ्याच प्रथिनाचा होता. हे प्रथिन ओळखीचं होतं ते पेशींच्या हालचालीसाठी आणि कॅन्सर पसरण्याच्या संदर्भात. थकव्याशी त्याचं नाव कुणी सहजी जोडलं नसतं.

मायटोकॉन्ड्रियात ते काय बिघडवतं? तिथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्या प्रवासातून ऊर्जा निर्माण होते. स्लॅब पडतो त्या दिवशी मजुरांची रांग घमेली हातोहात वर पोचवते, तसं. हे समूह एकमेकांना चिकटून मोठा संच बनवतात, तेव्हा काम झपाट्याने होतं. डब्ल्यूएएसएफ३ मध्ये घुसलं की हा संच नीट जुळत नाही. माणसं तीच, घमेली तीच, पण रांग तुटलेली. त्या स्त्रीच्या पेशींत हे प्रथिन कमी केल्यावर मायटोकॉन्ड्रियाचं काम सुधारलं. उंदरांत मुद्दाम वाढवलं, तर ट्रेडमिलवर धावण्याची त्यांची क्षमता सुमारे निम्म्यावर आली.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एमई/सीएफएस, म्हणजे क्रॉनिक फटिग सिंड्रोम असलेल्या १४ रुग्णांच्या आणि १० निरोगी माणसांच्या स्नायूंचे नमुने तपासले गेले. रुग्णांपैकी बहुतेकांत हेच प्रथिन चढलेलं होतं. २०२३मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. एका बाईच्या प्रश्नाने तिच्यासारख्या अनेकांच्या स्नायूंपर्यंत वाट काढून दिली.

या आजारातला थकवा झोप काढून जात नाही. आज दोन जिने चढले, तर उद्या-परवा अंथरुणाला खिळायची वेळ येते. श्रमानंतर सगळं बिघडणं ही याची खूणच आहे. रक्ताचे नेहमीचे रिपोर्ट मात्र नॉर्मल येतात. म्हणून कित्येकांना ‘मनाचे खेळ आहेत’ असं ऐकावं लागलं, आणि ते अन्यायाचं होतं.

आजार घराण्यात उतरतो का, हे अमेरिकेतल्या युटा राज्यात तपासलं गेलं. तिथे वंशावळी आणि वैद्यकीय नोंदी एकमेकींना जोडलेल्या आहेत. २०११च्या अभ्यासानुसार रुग्णाचे आईवडील, सख्खी भावंडं आणि मुलं यांना धोका सुमारे २.७ पट होता. चुलत-मावस भावंडांतही तो जास्त, सुमारे १.९ पट. ही भावंडं सहसा एका घरात वाढत नाहीत. तेव्हा नुसत्या एका घरातल्या खाण्यापिण्यावर किंवा हवेवर बोट ठेवून भागत नाही.

एका पोटरीवरून निघालेल्या या वाटेच्या अगदी उलट दिशेने एडिंबरा विद्यापीठाचे ख्रिस पॉंटिंग निघाले. त्यांच्या ‘डीकोडएमई’ या अभ्यासात रुग्णांनी घरबसल्या लाळेचे नमुने पोस्टाने पाठवले. जो उठू शकत नाही, त्यालाही भाग घेता यावा म्हणून. आखणीतही रुग्ण बरोबरीने होते. ऑगस्ट २०२५मध्ये प्राथमिक निष्कर्ष आले: १५,५७९ रुग्णांचा डीएनए अडीच लाखांहून जास्त इतरांच्या डीएनएशी ताडून पाहिल्यावर जनुकसंचातल्या आठ जागा वेगळ्या उठून दिसल्या. त्यांच्या आसपासची काही जनुकं संसर्गाशी लढण्याशी, काही मज्जासंस्थेशी संबंधित आहेत. अनेकांचा आजार साध्या तापासारख्या दुखण्यानंतर सुरू होतो, हे लक्षात घेतलं की या जागा बोलक्या वाटतात.

यातल्या प्रत्येक जागेचा वाटा मात्र बारीक आहे. तेच फरक कित्येक निरोगी माणसांतही सापडतात, त्यामुळे यावरून कुणाचं निदान करता येणार नाही. रुग्णांत स्त्रिया कितीतरी जास्त आहेत, तरी या आठ जागांनी स्त्री-पुरुष असा भेद दाखवला नाही. ते कोडं तसंच आहे. शिवाय हे विश्लेषण युरोपीय वंशाच्या लोकांचं आहे. नाशिक-नागपूरमधला किंवा लंडनमध्ये राहणारा मराठी रुग्ण त्यात मोजलेला नाही. त्याच्याही डीएनएत याच आठ जागा दिसतात की वेगळ्या, हे तपासायला त्याची लाळ घ्यावी लागेल.