प्रथिनांची पाठराखीण

आपल्याकडे नवी नवरी प्रथमच सासरीं निघाली, म्हणजे तिच्याबरोबर माहेरची एखादी जाणती बाई पाठविण्याची चाल होती. तिला पाठराखीण म्हणत. ती सासरच्या घरांत कारभार करीत नसे, कीं कोणावर हुकूम चालवीत नसे. नवरी बावरली, तर तिला जवळ घेऊन सांभाळणें एवढेंच तिचें काम. नवरी रुळली, कीं ती आपल्या घरीं परत जाई. आज मी जिची हकीकत सांगणार आहें, ती अशीच एक पाठराखीण आहे. ती माणसांच्या आणि उंदरांच्या शरीरांत राहते, आणि तिचा माझ्या स्वतःच्या डोळ्यांशीं फार जवळचा संबंध आला आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. निवृत्तीनंतर मनसोक्त वाचावें असें योजिलें होतें. पण थोड्याच दिवसांत उजव्या डोळ्यापुढें धुकें जमूं लागलें, रात्रीं दिव्याभोंवतीं तेजाचीं कडीं दिसूं लागलीं. मोतीबिंदु! एका ओळखीच्या गृहस्थांनीं सुचविलें म्हणून मोतीबिंदु ‘विरघळविणारे’ थेंब मी वर्षभर डोळ्यांत घातले. धुकें विरघळलें नाहीं; उलट दाट झालें. अखेर शस्त्रक्रिया करून घेतली, आणि अक्षरें पुन्हां काळीं व ठसठशीत दिसूं लागलीं. मग मनांत प्रश्न आला, कीं डोळ्यांतील भिंग मुळांत इतकीं वर्षें स्वच्छ राहतें तरी कसें, आणि पुढें तें गढूळ कां होतें?

ह्याचें उत्तर स्वयंपाकघरापासून सुरू करूं. कच्च्या अंड्यांत पिवळ्या बलकाभोंवतीं जो द्रव असतो, तो जवळजवळ पारदर्शक असतो. तेंच अंडें उकडलें, कीं तो द्रव पांढरा व घट्ट होतो. त्यांत नवें कांहींच मिसळलेलें नसतें. घडतें तें असें. प्रथिनाचा रेणु म्हणजे एक लांब साखळी. ती ठराविक रीतीनें दुमडून तिची नेटकी घडी बसलेली असते, आणि पाण्याला टाळणारे तिचे भाग घडीच्या आंत दडलेले असतात. उष्णतेनें घडी उसकटली, कीं ते भाग उघडे पडतात, एका रेणूचे दुसऱ्यास चिकटतात आणि गुठळ्या होतात. गुठळ्यांवर आदळून प्रकाश इतस्ततः विखुरतो. म्हणून तो पदार्थ पांढरा दिसतो. भिंग गढूळ होतें तें उकडल्यामुळें नव्हे. पण तेथेंही घडी मोडणें, गुठळ्या होणें आणि प्रकाश विखुरणें हाच क्रम असतो. फक्त त्याला कित्येक वर्षें लागतात.

घडी मोडण्याचें हें संकट प्रत्येक सजीव पेशीवर येतें, आणि त्यावर पेशीनें उपायही योजून ठेवला आहे. त्याचा पहिला सुगावा अकल्पित रीतीनें लागला. इटालीमध्यें फेर्रुच्चो रितोसा हे शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रें पाहत होते. प्रयोगशाळेंतील कोणीतरी उबवणीच्या पेटीचें तपमान वाढवून ठेवलें, आणि त्यांस गुणसूत्रांवर निराळ्याच ठिकाणीं फुगवटे आलेले दिसले. उष्णता वाढतांच पेशीनें कांहीं विशिष्ट जनुकें जागीं केलीं होतीं. हा शोध त्यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केला. त्या जनुकांपासून कोणतीं प्रथिनें तयार होतात, तें १९७४ सालीं आल्फ्रेड टिसिएर व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. हींच उष्णताघात-प्रथिनें. जीवाणूपासून मनुष्यापर्यंत सर्वांच्या ठायीं तीं आढळतात, आणि केवळ उष्णताच नव्हे, तर इतरही अनेक संकटांत तीं धांवून येतात. अशा मदतनीस प्रथिनांस इंग्रजींत ‘शॅपरोन’ म्हणतात. तरुण मुलीबरोबर समारंभास जाणाऱ्या प्रौढ स्त्रीचें तें नांव. आपण पाठराखीण म्हणूं.

ह्या प्रथिनांत एक लहान रेणूंचें कुल आहे. तीं मोडलेली घडी स्वतः पुन्हां बसवीत नाहींत. उसकटलेल्या रेणूस धरून ठेवावें, इतरांस चिकटूं देऊं नये, इतकेंच तीं करतात. घडी नीट बसविण्याचें काम मागाहून दुसरीं, मोठीं उष्णताघात-प्रथिनें करतात. आमची पाठराखीण ह्याच लहान कुलांतील. तिचें नांव अल्फा-क्रिस्टलिन.

गंमत अशी, कीं भिंगांतील क्रिस्टलिन प्रथिनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होतीं. पण तीं भिंगाचा केवळ मालमसाला समजलीं जात. अल्फा-क्रिस्टलिन हें फळमाशीच्या लहान उष्णताघात-प्रथिनांचें नातलग आहे, हें १९८२ सालीं उघडकीस आलें. पुढें १९९२ सालीं अमेरिकेंतील जोसेफ हॉर्विट्झ यांनीं दाखवून दिलें, कीं हें प्रथिन परीक्षानळींत इतर प्रथिनांस तापवीत असतां त्यांच्या गुठळ्या होऊं देत नाहीं. ज्याला भिंतींतली वीट समजत होतों, तो पहारेकरी निघाला!

भिंगाला ह्या पहाऱ्याची गरज इतरांहून अधिक आहे. प्रकाशाच्या वाटेंत अडथळा नको, म्हणून भिंगाच्या तंतुपेशी प्रौढ होतांना आपलें केंद्रक टाकून देतात. केंद्रक गेलें, म्हणजे नवें प्रथिन घडविण्याची सोय गेली. त्यामुळें माझ्या भिंगाच्या गाभ्यांत जीं प्रथिनें होतीं, तीं मी आईच्या पोटांत असतांना घडलेलीं होतीं. साठांहून अधिक वर्षें त्यांची दुरुस्ती नाहीं, कीं बदली नाहीं. लग्नघरची पाठराखीण चार दिवसांनीं परत जाते. भिंगांतल्या पाठराखिणीला परतवाट नाहीं.

आतां उंदरांकडे वळूं. अल्फा-क्रिस्टलिनच्या दोन बहिणी आहेत, ए आणि बी. ए मुख्यत्वें भिंगांत राहते. बी भिंगाखेरीज हृदय, स्नायु व मेंदु ह्यांतही आढळते. कोण काय काम करतें हें ठरविण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं एकेकीस घरांतून काढून पाहिलें. १९९७ सालीं ज्यांचें ए चें जनुक निकामी केलें होतें, अशा उंदरांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांचीं भिंगें लहान भरलीं, आणि वयाबरोबर वाढत जाणारा मोतीबिंदु त्यांस झाला. पेशींत जे गोळे सांपडले, त्यांत बी ही दुसरी बहीणच अडकलेली होती. म्हणजे ए इतरांबरोबर आपल्या बहिणीलाही सांभाळीत होती.

२००१ सालीं बी नसलेल्या उंदरांची हकीकत आली. त्यांचीं भिंगें स्वच्छ राहिलीं. पण वय वाढतांच स्नायु झिजूं लागले व पाठीचा कणा वांकला. येथें मात्र मास्तराच्या संवयीनें एक सूचना केली पाहिजे. हें जनुक काढतांना त्याला लागून असलेलें त्याच कुलांतील दुसरें जनुकही निघून गेलें होतें. तेव्हां सगळा दोष एकट्या बी च्या अभावावर ठेवतां येत नाहीं. संशोधकांनीं ही गोष्ट उघडपणें नोंदविली आहे. पुढें २००७ सालीं असेंही दिसलें, कीं मेंदु व मज्जारज्जु यांचा दाह उत्पन्न केला असतां बी नसलेल्या उंदरांचा आजार अधिक बळावतो, आणि तेंच प्रथिन बाहेरून टोंचल्यास आजारी उंदरांचा त्रास कमी होतो.

पाठराखीण नसणें वाईट. पण बिघडलेली पाठराखीण त्याहून वाईट ठरूं शकते. १९९८ सालीं फ्रान्समधील एका कुटुंबांत असें आढळलें, कीं बी च्या साखळींतील १२० व्या जागेवरचा एकच दुवा बदलल्यामुळें कित्येकांस स्नायूंचा विकार व मोतीबिंदु झाला होता. तोच बदललेला रेणु उंदरांच्या हृदयांत घातला, तेव्हां तेथें प्रथिनांचे गोळे साचून हृदय दुर्बळ झालें. शंभराहून अधिक मण्यांच्या माळेंतला एक मणि बदलल्याचा हा परिणाम!

ह्या सर्वांवरून माझ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. वय वाढतें तसतशीं अधिकाधिक प्रथिनें मोडतात, आणि प्रत्येकीला धरून ठेवतां ठेवतां पाठराखिणींचे हात गुंतून जातात. चाळिशी उलटल्यावर मनुष्याच्या भिंगाच्या गाभ्यांत मोकळें अल्फा-क्रिस्टलिन फारसें उरत नाहीं. तंबाखूचें धूम्रपान, मधुमेह आणि सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण मोतीबिंदूस हातभार लावतात. ह्या तीन गोष्टींपासून जपणें मात्र बऱ्याच अंशीं आपल्या हातीं आहे.

मग थेंबांचें काय? २०१५ सालीं एका संशोधनांत, अल्फा-क्रिस्टलिनला आधार देणारें रसायन डोळ्यांत घातल्यावर मोतीबिंदु झालेल्या उंदरांच्या भिंगांची पारदर्शकता कांहीं अंशीं सुधारलेली दिसली. ही आशेची गोष्ट खरी. पण उंदराच्या डोळ्यापासून माणसाच्या डोळ्यापर्यंतची वाट लांब आहे, आणि ती अद्याप सरलेली नाहीं. आज मनुष्याच्या मोतीबिंदूवर खात्रीचा उपाय एकच, गढूळ भिंग काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविणें. मी थेंबांच्या भरंवशावर वर्षभर थांबलों, आणि तेवढें वर्ष माझीं पुस्तकें कपाटांत मिटून राहिलीं. आपल्या घरांत कोणा वडीलधाऱ्यांस दिव्याभोंवतीं कडीं दिसूं लागलीं असतील, तर त्यांना थेंब आणून देऊं नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

माझा डावा डोळा अजून शाबूत आहे. त्याच्या गाभ्यांतील पाठराखिणी जन्मापूर्वींपासून राबत आल्या आहेत आणि आतां थकत चालल्या आहेत, हें मला ठाऊक आहे. त्यांचा हात सुटेल त्या दिवशीं मी थेंबांच्या वाटेला जाणार नाहीं.