रसायनशास्त्राची एक जागा

पहाटे 4.45. मुलीचा डबा भरून झालाय. मॅडम मुलाखतीची फाइल तपासतात. दहावीपासून पीएच.डी.पर्यंतची प्रमाणपत्रं, सेट, शोधनिबंध. सगळ्याचे पाच संच. पानाला दोन रुपये, झेरॉक्सचे हजारावर गेले.

6.10. एसटी. बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार. आज कॉलेजात त्यांचे तीन तास होते. तासिका तत्त्वावर शिकवतात. तास घेतला तर पैसे, नाही तर नाही. बिलं निघायला कधी सहा महिने लागतात. नियमित सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. पदव्या मात्र त्याच लागतात.

9.50. जागा एक, उमेदवार एकतीस. बाकं भरलेली, म्हणून जिन्यावर बसायचं. शेजारची हळूच सांगते, "मॅडम, मंगळसूत्र पदराआड घ्या. मुलीचं बोलू नका."

11.30. चहा दहा रुपये. मॅडम मला 2012 चा एक अमेरिकन प्रयोग सांगतात. विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांकडे एकच अर्ज पाठवला. निम्म्यांना जॉनच्या नावाने, निम्म्यांना जेनिफरच्या. जॉनला वर्षाला सरासरी 30,238 डॉलर द्यावेत असं ठरलं, जेनिफरला 26,508. प्राध्यापिकांनीही तेच केलं.

1.15. समिती जेवायला उठते. पाचही पुरुष. उमेदवारांत महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा दिव्यांग असतील, तर समितीत यांपैकी एका गटाचा सदस्य हवा, असा यूजीसीचा 2018 चा नियम आहे. एक ओबीसी पुरुष बसला की नियम पुरा होतो. मला हे पटत नाही.

3.40. मॅडम आत.

3.47. बाहेर. मिस्टर काय करतात? मुलगी केवढी? संध्याकाळच्या प्रॅक्टिकलला थांबाल का? आडनाव वाचून एकाने गाव विचारलं. मग म्हणाले, "राखीव जागा निघेल तेव्हा बघा की." जाहिरातीत जागा खुली होती. खुली म्हणजे सगळ्यांना. झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्मकणांवर चार वर्षं काम केलंय, आलेख वर काढून ठेवले होते. त्यावर एकही प्रश्न नाही.

5.20. परतीची एसटी. खिडकीची जागा मिळाली. बुडालेले तीन तास याच आठवड्यात भरून निघतील का, हे विचारायला मॅडम टाइमटेबलवाल्या सरांना फोन लावतात. शनिवारी दोन मिळतील, सर सांगतात. तिसऱ्याचं बघू.