जकात वेगळी, पगार वेगळा

रमजानमध्ये पहाटे सर्वांत आधी उठतात त्या घरीच राहून काम करणाऱ्या मावशी. सहरीचा स्वयंपाक त्यांचा, इफ्तारनंतरची भांडीही त्यांचीच. काम वाढते, पगार तेवढाच. ईदची साडी किंवा जकात पगारात धरता येत नाही. जकात हा गरिबाचा हक्क. पगार ही कष्टाची कमाई.

राज्यात २००८च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आले. तरी बहुतेक घरांत पगार, सुट्टी, विश्रांती तोंडीच ठरते. कुरआनातील सर्वांत मोठी आयत देण्याघेण्याचा करार लिहून ठेवायला सांगते. महिनाअखेरचा पगार हेही देणेच. वेठबिगारी बंद करणाऱ्या शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कोणत्याही धर्माच्या घराला हे अवघड नाही. यंदा ईदच्या खरेदीआधी मावशींबरोबर एवढा एक कागद व्हावा.